मुंबई ते हावडा, आणि मधल्या बर्थची भानगड

विमानाने मुंबई–कोलकाता अडीच तासांचा मामला. मी गीतांजली एक्सप्रेसने गेले. १९६८ किलोमीटर, तीस तासांच्या वर. मे महिन्यातले विमानाचे भाव बघितल्यावर निर्णय घ्यावा लागलाच नाही.

सकाळी सहाला सीएसएमटी सोडली तेव्हा नुकतं उजाडत होतं. कसारा घाट हा या मार्गाचा सगळ्यात देखणा तुकडा, तिथे मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, कारण दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. तो बघून घ्या आणि मग झोपा. भुसावळ, अकोला, बडनेरा म्हणजे काचेपलीकडची भट्टी. नागपूर संध्याकाळी, रायपूर-बिलासपूर झोपेत.

खरी गंमत पहाटे झाली. राऊरकेलाच्या अलीकडे पाच वाजताच लख्ख उजेड. खालच्या बर्थवरचे बंगाली काका दात घासून, केस विंचरून तयार. आता त्यांना ताठ बसायचं होतं आणि डोक्यावर मधला बर्थ. त्यावर ठाण्याचा एक कॉलेजचा मुलगा, तोंडावर चादर ओढून. काकांनी बर्थच्या साखळीवर बोटाने टकटक केलं.

"उठो बेटा, सकाळ झाली."

चादरीतून मोबाईल बाहेर आला, त्यावर ५:१०. "काका, नियम सहापर्यंतचा आहे."

आणि त्याचं बरोबरच होतं! मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा लावायचा, असाच नियम आहे. काकांनी पडदा सर्रकन बाजूला केला आणि नुसतं बाहेर बोट दाखवलं. ऊन थेट त्या पोराच्या तोंडावर. शेजारच्या काकू काकांच्या बाजूने, साइड अप्परवाले गृहस्थ नियमाच्या बाजूने. पन्नास मिनिटं ही जुगलबंदी, आणि मी साइड लोअरवर फुकटात प्रेक्षक. काका तेवढा वेळ मान वाकडी करून बसले, पण आडवे झाले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

मला दोघेही पटत होते. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, कोलकात्यात पाचच्याही आधी. काका सूर्याप्रमाणे उठले होते, पोरगा घड्याळाप्रमाणे झोपला होता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, पण कोलकात्याने आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत चालवली, दोघींत तासाभराचं अंतर. तेव्हा असती ही गाडी, तर त्या क्षणी पोराच्या मनगटावर साडेचार आणि काकांच्या मनगटावर साडेपाच वाजले असते, आणि जुगलबंदी आणखी रंगली असती. विमानात हे काही कळत नाही. दार बंद होतं, सँडविच येतं, दार उघडतं.

सहा वाजता पोरगा स्वतःहून उतरला, बर्थ पाडला, आणि काकांनी त्याला चहा पाजला. "बंगालमध्ये उशिरापर्यंत झोपायचं असेल तर खिडकीला जाड पडदा लाव," हा सल्लाही दिला. टाटानगरनंतरचं काही आठवत नाही. मीच झोपले होते.

कोलकात्यात मात्र मला याचा त्रास झाला. सव्वासहाला सूर्यास्त, सातला मिट्ट काळोख, की मराठी पोट लगेच ताटाची वाट बघायला लागतं. आमच्या यजमानांकडे पहिला घास साडेदहाला. आठ वाजता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात? आत्ता कुठे संध्याकाळ झालीये!" आणि पुढ्यात आणखी दोन संदेश, ती बंगाली मिठाई, ठेवले.