तांबट आळी: आधी कानाला सापडते, मग डोळ्यांना

मागच्या शनिवारी पुण्यात होतो, दुपारची मीटिंग ऐनवेळी कॅन्सल झाली आणि हातात चक्क चार तास मोकळे. शनिवारवाडा तरी कितीदा बघणार? म्हणून मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरलो (भुयारी आहे, २०२४च्या सप्टेंबरात सुरू झालं, जिना चढून वर आलं की एकदम जुन्या पुण्यात) आणि तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांची गल्ली, शोधत निघालो. फोनवरचा नकाशा मला एकाच बोळात गोल गोल फिरवत होता. शेवटी ओट्यावर बसलेल्या एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "तो फोन ठेवा खिशात आणि जरा कान द्या."

कान दिला आणि खरंच, टण टण टण टण, मधेच एक घुमणारा ठोका, मग परत टण टण. तांबट पक्ष्याला तांबट का म्हणतात हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तोही असाच एका लयीत, न थकता टुक टुक करत बसतो.

कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट कारागीर इथे वसले. वाड्यांना हंडे, घंगाळी, पराती, देवाची भांडी सगळं लागायचंच. आजूबाजूला बुरूड आळी, कुंभारवाडा, म्हणजे जो तो आपापल्या धंद्यावरून ओळखला जाणारा भाग. आता मधेमधे नव्या बिल्डिंगी उभ्या आहेत आणि काही दुकानांत फक्त तयार माल विकतात, पण आत शिरलं की अजून भट्टी दिसते.

एका दारात घुटमळलो तर आतून काका म्हणाले, "या की, फोटो काढायचेत का?" म्हटलं, आधी बघतो. "मग बसा. आणि बोलायचं असेल तर मोठ्याने बोला, आयुष्य ठोक्यात गेलंय, कान गेलेत."

जमिनीत एक लोखंडी दांडा तिरका रोवलेला, त्यावर हंडा उपडा घातलेला, काका डाव्या हाताने तो तसूतसू फिरवत होते आणि उजव्या हाताचा हातोडा मात्र त्याच जागी पडत होता. म्हणजे हातोडा हलत नाही, भांडं हलतं! हे मी आधी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. याला मठारकाम म्हणतात. तांब्याच्या भांड्यावर ते चमकणारे गोल गोल खळगे असतात ना, मला आजवर वाटायचं ती नक्षी आहे. काका हसले. म्हणाले, "नक्षी नंतर, आधी ताकद." तांबं मुळात मऊ, पातळ पत्रा नुसता वळवला तर हाताने दाबला जाईल, पण ठोकून ठोकून तो घट्ट होतो. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं लागतं, त्यावर एक ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यात उमटणार.

पण नुसतं ठोकत राहिलं तर पत्रा कडक होऊन तडकतो, म्हणून मधेमधे भट्टीत लाल करायचा आणि पाण्यात घालायचा. आणि इथे माझं शाळेतलं ज्ञान गडबडलं, कारण पोलाद असं केलं की कडक होतं आणि तांबं मात्र मऊ होतं.

कल्हईचंही विचारलं, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर देतात ते. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे सगळा खेळ वेगाचा. हे न करता तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणजे धातू लागून खराब होतं, आमच्या आईचा हा आवडता शब्द.

बंबाचा विषय मीच काढला. आमच्या आजीकडे होता, मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. गिझर आला आणि आम्ही तो मोडीत घातला, वजनावर. हे सांगितल्यावर काका काही बोलले नाहीत, दोन-तीन ठोके जास्तच जोरात पडले असं मला वाटलं.

आता जास्त मागणी कशाला, तर बाटल्या आणि गिफ्टच्या वस्तूंना. त्यातल्या कित्येक मशीनवर दाबलेल्या, खळगेसुद्धा साच्यातले, सगळे एकसारखे. हाताच्या कामात रांग किंचित हलते, तेवढ्यावरून ओळखायचं. एकदा हे कळलं की मॉलमधली 'हॅमर्ड फिनिश' बघून हसूच येतं.

निघताना मी हातोडा मागितला. तीन ठोके मारले, तिन्ही तीन दिशांना, एक तर कडेलाच लागला. काकांनी भांडं परत स्वतःकडे ओढलं, त्यावर चार-पाच ठोके घातले आणि मला दाखवलं. माझे कुठले ते सापडेनात.

एक छोटा तांब्या घेतला. मेट्रोत शिरताना बॅग मशीनमधून गेली तर गार्डने तो बाहेर काढायला लावला, उलटासुलटा करून बघितला, मग बोटाने वाजवला. "तांबट आळीतला का?" म्हटलं हो. "मग जाऊ द्या."