एका डॉलरचं गाणं आणि बँकेच्या चार चकरा

बँकेत जाण्याआधी आपलं एटीएम कार्ड एकदा उलटंसुलटं करून बघा. जनधनचं साधं रुपे कार्ड असेल तर ते परदेशी साइटवर चालत नाही. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर चार चकरा, त्यातली एक थेट जिल्ह्याची, आणि आईची बोलणी वाचली असती.

घ्यायचं काय होतं? एक गाणं. किंमत एक डॉलर.

यंदा आमच्या हरभऱ्याला आठवड्याआड रात्रीची लाईन होती. मोटर सुरू करायची, स्प्रिंकलरचे पाइप बदलवायचे आणि मग दोन-तीन तास नुसतं बसायचं. आमच्या वावरात नेटवर्क फक्त पूर्वेकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीपाशी येतं. तिथं घोंगडी घेऊन बसलो की मी बँडकॅम्प ऐकायचो. ही साइट २००८ पासूनची. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता आपली गाणी आपणच विकणारे लोक तिथं असतात. तिथं प्रत्येक रेकॉर्डखाली ती विकत घेणाऱ्यांचे बारके बारके फोटो दिसतात. एकावर बोट ठेवलं की त्या माणसानं आणखी काय काय घेतलं ते सगळं उघडतं. असा मी शिलाँगच्या एका गायिकेपासून निघालो आणि चार रात्रींत आफ्रिकेतल्या नायजरला जाऊन पोचलो.

तिथली, सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांची गिटार. भाषा तमाशेक, एक शब्द कळत नाही. पण ताल असा, की रिकामी बंडी घराकडं चालली आहे आणि बैलांना रस्ता पाठ आहे. नंतर वाचलं की सहाराच्या त्या पट्ट्यात गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डावरून, ब्लूटूथवरून हातोहात फिरायची. एका अमेरिकन लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, नायजरशेजारच्या माली देशातल्या अशाच कार्डांवरची गाणी जमवली, गाणारे शोधून काढले आणि रेकॉर्ड काढली. आपल्याकडं मोबाइलच्या दुकानावर ‘गाणे भरून मिळतील’ अशी पाटी असते, तोच धंदा. मला ते लोक एकदम शेजारच्या गावचे वाटायला लागले.

माझे दोन दोस्त जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला जातात. तिथं माळ्यावर, म्हणजे मचाणावर, पेन ड्राइव्हचा स्पीकर टांगलेला असतो, आवाजानं रानडुकरं आणि रोही दूर राहतात. दोन वर्षांपासून तीच ती चाळीस गाणी. आता डुकरांचीही पाठ झाली असतील. म्हटलं, यांना आपल्या रात्रींतली चौदा गाणी निवडून भरून द्यावी. तेरा गोळा झाली. काही क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे गाणाऱ्यानंच वाटायला मोकळीक दिलेली. काही ‘वाटेल तेवढे द्या’वाली, तिथं शून्य टाकलं तरी गाणं उतरतं. मी शून्य टाकलं, लाजही वाटली. चौदावं होतं नायजरचं, आणि त्याला दाम होता. ते शेवटी वाजणार, पहाटे चारच्या सुमारास, हे मी आधीच ठरवून बसलो होतो.

कार्डाचा नंबर टाकला. नाकारलं. तीनदा टाकला, तीनदा नाकारलं. बँकेचं अ‍ॅप उघडावं तर खात्याला नंबर बाबांचा जोडलेला, अ‍ॅप सुरू व्हायला मेसेज त्याच सिममधून जावा लागतो, आणि बाबांचा फोन बटनांचा. म्हणून तालुक्याच्या बँकेत गेलो.

पहिल्या दिवशी लिंकच नव्हती. केवायसीसाठी आलेल्या लाडक्या बहिणींची रांग पायऱ्यांखाली उतरली होती. दीड वाजता आतून आवाज आला, “आज होत नाई, उद्या या.” उद्या बाजाराचा दिवस, म्हणून परवा गेलो.

दुसऱ्या चकरेला मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म आणि आधारची झेरॉक्स दिली, तेवढं काम झालं. मग म्हटलं, कार्डावर इंटरनॅशनल चालू करून द्या. काउंटरवरच्या भाऊंनी चष्मा काढला.

“कायले?”

“एक गाणं विकत घ्याचं हाये.”

“कोनाचं गानं?”

“नायजरचं.”

त्यांनी शेजारच्या मॅडमकडं बघितलं. “नायजेरिया म्हनते मॅडम हे.”

“नायजेरिया नाई हो, नायजर. येगळा देश हाये तो.”

आता मॅडमही इकडं वळल्या. मला कोणाचा फोन आला होता का? लॉटरी लागली म्हणाले का? ओटीपी सांगितला का? भिंतीवरच्या फसवणुकीच्या पोस्टरकडं बोट दाखवून त्यांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मागे रांगेत माझ्या मामेसासऱ्यांचे व्याही उभे होते, तेही ऐकत होते. मी फोन काढून गाणं लावून दाखवलं. भाऊंनी पंधरा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, “हे तं फुकट वाजून राह्यलं. मंग पैसे कायचे देता?”

खरं सांगतो, त्यांची काळजी खोटी नव्हती. आमच्याच गावातल्या एका काकांचे कापसाचे पैसे एका फोनवर गेलेले आहेत. पण काळजीपोटी त्यांनी जो रस्ता दाखवला तो चुकीचा निघाला. विदेशात पैसे पाठवायचे म्हणजे ए-टू फॉर्म लागतो, तो आपल्या ब्रँचला होत नाही, जिल्ह्याला जा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. मी एक मागत होतो.

तिसरी चकर जिल्ह्याची. सकाळची एसटी, टोकन, तीन तास. शेवटी एका साहेबांनी माझं कार्ड हातात घेतलं आणि चाळीस सेकंदांत निकाल लावला. “इसमें फॉर्म का कुछ काम नहीं। ये कार्ड ही बाहर नहीं चलता। दूसरा बनवा लो, अपनी ब्रांच से।”

चौथी चकर पुन्हा आमच्या ब्रँचला. तेच भाऊ. दुसऱ्या कार्डाचा फॉर्म पुढं सरकवत म्हणाले, “कार्ड बदलवाचं हाये असं सांगतलं असतं ना पयलेच!” मी काही बोललो नाही. सही केली. वर्षाला चार्ज कापला जाईल, हे त्यांनी बारीक अक्षरावर बोट ठेवून दाखवलं. तेवढं मात्र प्रामाणिकपणे दाखवलं.

कार्ड पोस्टानं आलं, पिन एटीएमवर केला. तोवर हरभरा घाट्यावर आला होता.

आता माझा खरा संताप ऐका. रिझर्व्ह बँकेचं जानेवारी २०२० चं परिपत्रक आहे. नवीन कार्ड येतं तेव्हा त्यावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच असतात, आणि ते चालू-बंद करायची सोय ग्राहकाला अ‍ॅपवर, नेट बँकिंगवर, एटीएमवर चोवीस तास द्यायची आहे. म्हणजे योग्य कार्ड हातात असतं तर मी ज्यासाठी काउंटरवर पोस्टर वाचत उभा राहिलो ते काम धुऱ्यावर बसून दोन मिनिटांत झालं असतं. त्यातही मी एक चूक केलीच. अ‍ॅपमध्ये दोन बटनं आहेत, ऑनलाइनचं वेगळं आणि इंटरनॅशनलचं वेगळं. मी एकच दाबलं आणि पुन्हा नकार आला. दोन्ही दाबा, मर्यादा कमीत कमी ठेवा आणि खरेदी झाली की लगेच बंद करा.

रात्री साडेअकराला पैसे भरले. ओटीपीची वाट बघत बसलो, तो आलाच नाही. सरळ पैसे गेल्याचा मेसेज आला. परदेशी दुकानांत असं होतं म्हणे, पण त्या क्षणी मला भाऊंचा चष्मा आठवला आणि पोटात गोळा आला. मग डाउनलोडचं पान उघडलं. डॉलरचा भाव, बँकेचं मार्कअप, त्यावर १८ टक्के जीएसटी, सगळं धरून शंभराच्या आत. घाई नसेल तर बँडकॅम्पचे ठरावीक शुक्रवार असतात तेव्हा घ्या. त्या दिवशी साइट आपला १५ टक्क्यांचा वाटा सोडते. मार्च २०२० पासून ही प्रथा आहे. मला घाई होती.

उतरवताना एमपीथ्री निवडा. मी आवाज चांगला म्हणून फ्लॅक घेतलं होतं, ते माळ्यावरच्या स्पीकरला पचलं नाही. पेन ड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या. माझा ६४ चा होता, त्याचं फॉरमॅट वेगळं असतं. स्पीकरचा निळा दिवा नुसता लुकलुकत राहिला. फॅट ३२ लागतं. आणि गाण्यांना ०१, ०२ असे नंबर देऊन भागत नाही. आमचा स्पीकर नाव बघतच नाही, ज्या क्रमानं गाणी कॉपी केली त्याच क्रमानं वाजवतो. म्हणून सगळी पुसली आणि एकेक करून, हातानं, चौदा वेळा टाकली. विकत घेतलेलं गाणं दोस्तांना द्यावं की नाही, यावर एक रात्र घालवली. शेवटी आणखी दोनदा विकत घेतलं. साइटवर भेट म्हणून पाठवायची सोय आहे.

पहिल्या जागलीनंतर सकाळी एकाचा फोन आला. “बे, ते शेवटचं गानं काढून टाक.”

“काहून?”

“झोप लागली ना बे मले. डुकरं अर्धा धुरा खाऊन गेले.”

ते गाणं आता सुरुवातीला आहे, संध्याकाळी सात वाजता, भाकरीच्या वेळेला. त्यासाठी पुन्हा चौदाच्या चौदा पुसून टाकावी लागली. परवा बँकेचा मेसेज आला, कार्डाचा वार्षिक चार्ज कापला. तिन्ही खरेद्या मिळून जेवढे गेले नव्हते त्याच्यापेक्षा जास्त. कापलेच आहेत तर म्हणून त्याच रात्री बाभळीखाली उभा राहून दोन्ही बटनं पुन्हा चालू केली आणि जिथं शून्य टाकलं होतं त्या गाण्यांकडं परत गेलो.