पावसाळा आणि लोकरी कोट

बेळगावात जून ते सप्टेंबर या काळात कपाटातल्या लोकरी कोटाला बुरशी येते, हे मी लग्नातला कोट खराब करून घेतल्यावरच शिकलो. खडेबाजारातून कापड घेऊन शहापुरात शिवून घेतलेला तो कोट ड्रायक्लीनिंगहून आल्यावर मी प्लास्टिकच्या पिशवीतच टांगून ठेवला होता. लोकर हवेतला ओलावा भरपूर शोषून घेते आणि पिशवीत त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, त्यामुळे दसऱ्याला कोट काढला तेव्हा कॉलरखाली पांढुरके डाग पडलेले होते.

आता मी तो सुती पिशवीत, रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर ठेवतो आणि उघडीप मिळाली की तासभर सावलीत वाऱ्यावर टांगतो. वापरानंतर मऊ ब्रशाने धूळ झाडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण कसरीच्या अळ्या घाम आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर आधी कुरतडतात. डांबरगोळ्यांचा वास मात्र मला सोसत नाही. इस्त्री थेट फिरवल्यास लोकर चकाकू लागते, म्हणून मध्ये ओलसर सुती फडके घालावे.

दोन बटणांच्या कोटाचे खालचे बटण लावायचे नसते, कारण त्याची बेतणीच तशी असते. आमच्याकडच्या लग्नांत मात्र कोणीतरी मामा पुढे होऊन नवरदेवाची दोन्ही बटणे मोठ्या मायेने लावून देतो, आणि त्याला अडवण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.