विहीर पिवळी, पण धोका बोअरला

अंबडला एका बंद पडलेल्या प्लेटिंग युनिटच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्याच्या मागे जुनी विहीर आहे. पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं. हा हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियम धातूच्या विषारी रूपाचा रंग. जागामालकांची माझ्याकडे मागणी सरळ होती: विहीर उपसा, पाणी साफ करा, विषय संपवा.

पण विहिरीवर ना मोटर होती, ना दोर. म्हणून आजूबाजूला कोण कुठलं पाणी पितं, हे मी आधी विचारत फिरलो. उताराच्या अंगाला कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि त्यांची एक बोअर. एका मावशींनी हंडा पुढे केला. "त्या विहिरीचं कोण पितंय, साहेब? आमचं बघा, तळ दिसतोय."

नळीत ते पाणी घेतलं, आम्ल आणि डायफेनिलकार्बाझाइड टाकलं; हे क्रोमियम असलं की त्याने रंग येतो. बघता बघता जांभळट गुलाबी झालं. मावशी काही बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "उकळून दिलं तर पोरांना चालेल ना?" नाही चालत. उकळल्यावर पाणी आटतं, क्रोमियम तेवढंच राहतं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. त्याच्या कितीतरी पट असलं तरी डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं. प्रयोगशाळेचा आकडाही मर्यादेच्या बराच वर आला.

विष कुठून निघतं, कुठल्या वाटेने जातं आणि कुणाच्या पोटात पोचतं, या साखळीची एक कडी तोडली तरी माणूस वाचतो. आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी भेगांतून कसंही पळतं. सगळा थर धुवायचा तर वर्षानुवर्षं उपसा करावा लागेल, आणि तोवर खोल्यांतली पोरं तेच पाणी पीत राहतील. शिवाय बोअरची मोटरच ते विष आपल्याकडे ओढत असणार, असा माझा अंदाज होता.

त्याच संध्याकाळी बोअर बंद करून टँकर लावला. पुढे नळजोडणी झाली. मग जुन्या टाकीखालची माती खणून घातक कचऱ्याच्या भरावाकडे पाठवली आणि जमिनीत फेरस सल्फेट सोडलं. त्याने क्रोमियमचं कमी विषारी, जागीच बसणारं रूप होतं.

मालक अजून नाराज आहेत: "पैसे गेले, विहीर पिवळीच!" ती उपसायची वेळ येईल. सध्या तिच्यावर जाळी आणि फलक आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घेतो. बोअरपाशी आकडा चढला तर पुन्हा खणायचं, हे मी त्यांच्याकडून लेखी घेतलं आहे.