तरुण दिसला की रॉबर्ट

मुलीकडे अमेरिकेत इलिनॉयला राहायला गेले, तेव्हा गावातल्या एका छोट्या संग्रहालयात आठवड्यातून दोन दुपारी मदतीला जाऊ लागले. पुण्यात ग्रंथालयात आयुष्यभर नोंदी केलेल्या, म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक जाडजूड अल्बम ठेवला. कातडी बांधणी, पितळी कडी, आत अडीच बाय चार इंची पुठ्ठ्यांवर डकवलेले फोटो. १८६०च्या दशकात तिकडे लोक राष्ट्राध्यक्षांचे फोटो दुकानातून आणून घरच्यांच्या शेजारी लावत. त्यामुळे पहिल्या पानावर अब्राहम लिंकन आणि तिसऱ्यावर कुणाची तरी काकू.

काम एवढंच, की कोण कोण आहे ते लिहायचं. वाटलं, आठवड्यात उरकेल. अडीच महिने लागले.

नंतरच्या कुणीतरी पेन्सिलीने नावं लिहून ठेवली होती, घात त्यांनीच केला. एका फोटोत दोन मुलं आणि एक तरुण. खाली ‘विली, टॅड, रॉबर्ट’. लिंकनचे मुलगे ते, शंका कशाला घ्यायची? मी तशीच नोंद करून मोकळी झाले. पुढे खऱ्या रॉबर्टचा फोटो निघाला आणि चेहरा काही जुळेना. शोधता शोधता १८६१चा हाच फोटो सापडला. मुलं विली आणि टॅडच, पण तरुण निघाला लॉकवुड टॉड, मेरी लिंकनच्या माहेरचा. आपल्याकडे लग्नाच्या ग्रुप फोटोतला अनोळखी माणूस नेहमी ‘त्यांच्याकडचा’ ठरतो. लिंकनच्या अल्बममध्ये तो रॉबर्ट ठरतो, एवढाच फरक.

त्या दिवसापासून आधी पाठ बघायची, मग चेहरा. पाठीवर स्टुडिओचं नाव असतं, आणि नशीब असेल तर कराचा स्टॅम्प. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकलेल्या फोटोंवर तो लावावा लागे. पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचा. अर्थात स्टॅम्प विक्रीचा काळ सांगतो, फोटो काढल्याचा नाही. हे माझ्या डोक्यात जरा उशिराच शिरलं.

शिरलं ते एका कौटुंबिक फोटोमुळे. पाठीवर स्टॅम्प, आणि पुढे टेबलाभोवती लिंकन, मेरी आणि तीन मुलगे. किती छान, म्हणत भिंग लावलं, तर मेरीच्या बाहीवर बारीक बारीक रेघा! ते मुळात कोरीव चित्र होतं, आणि त्याचा फोटो काढून विकलेला. लिंकन आणि टॅडची बैठक ९ फेब्रुवारी १८६४च्या फोटोतून जशीच्या तशी उचललेली. त्यात बापलेक चाळतायत तो स्टुडिओतला नमुन्यांचा अल्बम. लोक मात्र बायबल समजत. आणि विली? तो तर २० फेब्रुवारी १८६२लाच गेलेला. लिंकन आणि मेरीचाही एकत्र असा एकही फोटो उपलब्ध नाही. १८६५ला लिंकनची हत्या झाल्यावर लोकांना ते कुटुंब एकत्र बघायचं होतं, तेव्हा चित्रकारांनी ते जमवून दिलं. मी नोंदीत ‘जोडचित्र’ लिहिलं आणि विलीकडे उगाच जरा जास्त वेळ बघत बसले.

शेवटी उरला एक आठेक वर्षांचा मुलगा, सैनिकी पोशाखातला. नात तिथेच होती. “आजी, हा टॅडच!” टॅडचा तसा फोटो आहे, म्हणून मीही हुरळले. पण पाठीवर जवळच्याच गावातला स्टुडिओ, आणि युद्धकाळात पोरांना असे पोशाख चढवून फोटो काढायची हौस घरोघरी होती. मी लिहिलं, ‘अनोळखी मुलगा’.

“म्हणजे याला नावच नाही?” नात फुरंगटली.

तिला भिंग दिलं आणि मुलाच्या पायाखालची जाजमाची नक्षी दाखवली. मग तिसरं पान उघडलं. काकूच्या घेराखालून तेच चौकोन बाहेर आले होते, आणि तिच्या मागे तीच गोंडेवाली खुर्ची.