होडी ट्रेलरवरून उतरवताना

होडीचं वजन पाण्यात कळत नाही. धक्क्याला बांधलेली असते तेव्हा पायाच्या अंगठ्याने ढकलली तरी निमूटपणे दूर जाते, दोरीला जरा हिसका दिला की परत येते. तीच होडी ट्रेलरवर चढवून घरासमोर आणली की चार जणांनी खांदा लावला तरी तसूभर सरकत नाही.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तळ्यांना तोटा नाही. आमच्या गल्लीत तर दारात ट्रेलर आणि ट्रेलरवर होडी नसलेली घरंच थोडी. तळी गोठायच्या आत सगळ्या होड्या बाहेर येतात आणि वसंत येईपर्यंत निळ्या ताडपत्रीखाली बसून राहतात. माझ्याकडे होडी नाही. त्यामुळे ज्याला दुसऱ्या टोकाला धरायला माणूस हवा असतो, तो मला हाक मारतो.

शेजारच्या आजोबांची (मनातल्या मनात आजोबाच, तोंडावर इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारतो, आणि अजून दर वेळी जीभ अडखळते) शिडाची छोटी होडी आहे. सोळा-सतरा फुटांची, फायबरग्लासची, वजन तीनशे किलोंच्या आसपास. तिच्या पोटात मधोमध एक उभी खाच आहे आणि त्या खाचेतून सेंटरबोर्ड नावाची फळी खाली पाण्यात सोडता येते. ही फळी नसेल तर वारा होडीला पुढे न्यायच्या ऐवजी आडवी ढकलत नेतो. आजोबांची फळी खाचेत अडकली होती. वरून दोरी ओढून, पट्टी घालून, थोडी शिवीगाळ करूनही ती हलेना. फळी काढायची तर खालून, आणि खाली ट्रेलर. शिवाय होडी ज्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर टेकलेली असते, तिथला तळ रंगवता येत नाही, तो कित्येक वर्षं तसाच राहिलेला. एकूण काय, होडी ट्रेलरवरून उचलणं आलं.

अशा वेळी सल्ले फार मिळतात. कुणी म्हणतं झाडाच्या फांदीला साखळी बांध. कुणी म्हणतं पोकळ सिमेंटच्या विटा रच. झाडाचं तर विचारूच नका. आणि पोकळ विटेवर भार एका कोपऱ्यात आला की ती आधी सूचना वगैरे न देता फुटते. आजोबा आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात साचे बनवण्याचं काम केलेले. त्यांनी जाड लाकडाचे तुकडे आणले, आडवे-उभे रचून त्यांच्या चळती केल्या आणि मला सांगितलं की उचलायचं काहीच नाही, फक्त जॅक फिरवायचा आहे.

ते खरंच होतं. ट्रेलर म्हणजे चाकांच्या आसावर तोललेला सी-सॉ. आधी होडीतून मोटर, बॅटरी, नांगर, शिडाच्या पिशव्या, सगळं बाहेर काढलं. डोलकाठी उतरवून कुंपणाला टेकवली. चाकांच्या पुढेमागे पाचरी ठोकल्या. मग पुढच्या तोंडाचा जॅक खाली नेला, तशी ट्रेलरची मागची बाजू वर आली. होडीच्या मागच्या टोकाखाली तेवढ्या उंचीची चळत रचून तिच्यावर आडवी तुळई सरकवली. आता जॅक उलटा फिरवायचा. तोंड वर जातं, ट्रेलरचा मागचा भाग खाली बसतो, पण होडीचं मागचं टोक तुळईवरच राहतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर आलेलीच असते, तिच्याखाली दुसरी चळत. पुन्हा जॅक खाली. ट्रेलर होडीच्या पोटापासून वीतभर सुटला आणि मधून पलीकडची हिरवळ दिसायला लागली. मग पाचरी काढून ट्रेलर इंच-इंच पुढे ओढायचा. आडवा लोखंडी दांडा टेकूपाशी आला की दांड्याच्या मागे नवा टेकू द्यायचा, मगच पुढचा काढायचा. एकदाच हा क्रम बदलून बघू असं माझ्या मनात आलं होतं, पण आजोबांचं लक्ष होतं.

आमच्या देवगडाकडे हे काम माणसांच्या जोरावर व्हायचं. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, त्याच्या आगेमागे होड्या वर ओढायच्या. खाली ओंडके, दोन्ही अंगांना माणसं, एक जण ओरडणार आणि बाकीचे त्या ओरडण्यावर जोर लावणार. मागचा मोकळा झालेला ओंडका उचलून पुढे पळत जायचं काम पोरांचं. होडी भरतीच्या रेषेच्या वर आली की बाजूंना टेकू आणि वर झावळ्यांची झापं. पुढे प्लॅस्टिक आलं. ज्याची होडी नाही तोही हात लावायचा. ट्रॅक्टर आणि क्रेन आल्यावर माणसं लागेनाशी झाली. कंबरांच्या दृष्टीने फार चांगलं झालं, यात मला शंका नाही.

पाण्याला हे ओझं वाटतच नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तीनशे किलोच्या होडीने तीनशे लिटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगली. दोनशे लिटरची दीड पिंपं, बस! स्कॉटलंडमधलं फॉलकर्क व्हील याच हिशेबावर चालतं. २००२ साली सुरू झालेलं हे चाक होड्यांना एका कालव्यातून २४ मीटर उचलून वरच्या दुसऱ्या कालव्याच्या वाटेला लावतं. त्याच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन टाक्या आहेत. होडी आत शिरली की आपल्याच वजनाइतकं पाणी बाहेर घालवते, म्हणून एका टाकीत होडी असली आणि दुसरीत नुसतं पाणी असलं तरी दोन्हींचं वजन सारखंच. अर्ध्या फेरीला साधारण दीड युनिट वीज पुरते.

जमिनीवर मात्र प्रश्न वजनाचा कमी आणि टेकूच्या जागेचा जास्त असतो. पाणी तळाला सगळीकडून धरतं. लाकूड दोन-चार ठिकाणीच धरतं. चुकीच्या जागी टेकू दिला तर फायबरग्लास आत दबतं, वर जाळीसारख्या भेगा पडतात. मोठ्या जहाजांची यातून सुटका नाही. ‘कटी सार्क’ हे चहा वाहून नेणारं जहाज १९५४ पासून ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत आपल्या कण्यावर बसून होतं, आणि त्या बसण्याने त्याच्या अंगाचा आकार बिघडत चालला होता. शेवटी ते तीन मीटरहून जास्त उचलून पोलादी आधारांवर तोललं आणि २०१२ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडलं, तेव्हा जहाज वाचलं की त्याचा डौल गेला यावर भांडणं झाली. माझं मत विचाराल तर मला मुंबईच्या वाडिया गोदीत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जास्त आवडतं. सागवानाचं, १८१७ चं, आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावरच आहे. टेकूंची भानगडच नाही.

तर आजोबांची होडी. गवतावर आडवं पडून मी खालून पाहिलं. होडीचे मालक वर्षानुवर्षं वरच्या बाजूला पॉलिश करत असतात, आणि जिच्यामुळे ती चालते ती बाजू अशी खरवडलेली, दोन फिकट पट्ट्यांची. खाचेत खडे होते, शेवाळ होतं आणि झेब्रा मसल नावाच्या पट्टेरी शिंपल्यांचा एक झुपका. हे शिंपले इथले नव्हेत. परदेशी जहाजांनी तोल सांभाळायला भरून आणलेल्या पाण्यातून ते आले. १९८८ मध्ये मिशिगनच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात पहिल्यांदा सापडले. होडी उन्हाळाभर धक्क्याला राहिली की चिकटतातच. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून काढल्यावर फळी एकदम सुटली, ती आजोबांनी हातावर झेलली. मी परदेशी असण्यावरून त्यांनी एक विनोद केला. तो शिंपल्यांवर होता, असं त्यांचं म्हणणं.

फळी घासून झाली, पिनेची नवी वायसर बसली, पट्ट्यांखालच्या तळाला रंगाचे दोन हात दिले. आता होडी परत चढवायची, एवढंच राहिलं होतं. पण रिकामा ट्रेलर पहिल्यांदाच समोर मोकळा दिसला आणि आजोबांची नजर चाकांकडे गेली. ट्रेलर उतारावरून तळ्यात घालतात तेव्हा रस्त्यावर तापलेले हब, म्हणजे चाकांचे मधले गाभे, गार पाण्यात बुडतात, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आजोबांनी एक झाकण उघडलं. आतलं ग्रीस दुधाळ झालेलं. मग दुसरंही उघडलंच. आता चारही बेअरिंगं वर्तमानपत्रावर मांडून ठेवली आहेत, नवीन मागवली आहेत, रंग केव्हाच वाळला आहे, आणि होडीला बसायला ट्रेलर नाही.