नव्या भाषेतले दोन च

भाषा मुद्दाम बसून घडवायची म्हटली, की घडवणारा आधी शब्दांच्या मागे लागतो. त्याचे बिंग मात्र फुटते ते उच्चारांत आणि व्याकरणात. शब्द कुठूनही उसने आणता येतात, पण कर्माला प्रत्यय लावायचा की नाही, क्रियापद कुठे बसवायचे, वडीलधाऱ्यांना वेगळे सर्वनाम ठेवायचे की नाही, हे ठरवताना माणूस स्वतःच्या नकळत घरीच जातो.

लुडविक झामेनहॉफ या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो या सर्वांसाठी घडवलेल्या भाषेचे पहिले पुस्तक काढले, तेव्हा त्याने सगळे व्याकरण अवघ्या १६ नियमांत बसवले होते. नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ, अनेकवचनाला य, कर्माला न. क्रियापदाला वर्तमानात आस, भूतकाळात इस, भविष्यात ओस, आणि अपवाद म्हणून काहीही नाही. मराठीची सामान्यरूपे पाठ करून दमलेल्या कोणालाही हा स्वर्गच वाटावा. तरीही या सर्वांच्या भाषेत आघात नेमका शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, पडतो, जसा तो झामेनहॉफच्या गावात कानावर पडणाऱ्या पोलिश भाषेत पडतो. शिवाय तिच्यात च दोन आहेत, ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि वाचणाऱ्यावर सोपवतो. त्याने दोघांना दोन वेगळी अक्षरे दिली. युरोपातल्या पुष्कळ भाषकांना जो भेद शिकावा लागेल, तो मडगावच्या पोराला आईच्या हाकेतूनच मिळालेला असतो.

मुलांची च-ची भाषा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि पुढे च लावायचा, एवढाच नियम: ‘काय’चे ‘चयका’, ‘कुठे’चे ‘चठेकु’. व्याकरण सगळे मराठीच राहते. गंमत अशी, की हा नियम कानावर चालत नाही. कानाला ‘घर’ हा एकच अवयव ऐकू येतो, तरी मुले ‘चरघ’ म्हणतात. ‘पुस्तक’चा उच्चार आपण पुस्‌ आणि तक असा तोडतो, पण खेळात ‘स्त’ अखंड राहतो आणि ‘चस्तकपु’ होते. म्हणजे बोलण्याची म्हणून मिरवणारी ही भाषा खरे तर बाराखडीच्या आधाराने उभी आहे, आणि माझ्या मते लिहायला शिकल्यावरच मुले तिच्यात तरबेज होतात याचे कारणही हेच असावे.

माझ्या भाचीला ही भाषा लवकरच पोरकट वाटू लागली आणि सुटीत तिने वहीत स्वतःची भाषा रचायला घेतली. तिने पहिला घाव घातला तो लिंगावर. तिच्या शाळेतल्या मराठीत ती ‘ती’ असते आणि शेजारच्या कोंकणीत लहान मुलगी म्हणून ‘तें’ होते. या रोजच्या बदलीला कंटाळून तिने तिन्ही लिंगे एका ओळीत रद्द केली. आदरार्थी बहुवचन मात्र तिला सोडवले नाही. आजी ‘तू’ आणि आजोबा ‘तुम्ही’ ही घरातली विषमता तिने नव्या भाषेत जशीच्या तशी नेली, कारण आजोबांना एकवचनात हाक मारणारी भाषा तिला बोलताच येईना. झामेनहॉफने हा पेच एकच सर्वनाम सर्वांना देऊन सोडवला होता. त्याच्या घरी बहुधा आमचे आजोबा नव्हते.

तिने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांनाही दोन शब्द दिले, आणि त्याबद्दल विचारले तर तिला प्रश्नच कळला नाही. २००९ च्या ‘अवतार’ या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी परग्रहवासीयांची नावी भाषा रचली, तिच्यातही ऐकणाऱ्याला धरणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ वेगळे आहेत. इंग्रजी कानाला त्यातून दूरच्या जगाचा भास होतो, आणि आपल्याकडे ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटल्यावर पाहुणा उठतो आणि ‘आम्ही’ म्हटल्यावर बसून राहतो. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथेतल्या लढवय्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओकरँड यांनी घडवलेल्या क्लिंगॉन भाषेची कथा अशीच. माणसाच्या भाषेसारखी वाटू नये म्हणून त्यांनी वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्वचित आढळणारा क्रम घेतला, आणि तिच्या खडबडीत उच्चारांत जीभ टाळूकडे वळवून म्हणायचा ड घातला. तो ड म्हणजे आपल्या डमरूतला ड. योद्ध्यांच्या त्या भाषेतला एवढा एक वर्ण तरी कुडतरीच्या बाजारात डाळिंबाचा भाव विचारणाऱ्याला फुकट येतो.

भाचीची सगळी वाक्ये अर्थातच क्रियापदावर संपतात. क्रियापद मध्ये आणून पाहा, असे मी सुचवले, तेव्हा तिने ते आणले, वाचून पाहिले आणि ‘हे इंग्रजीसारखे होते’ म्हणून खोडून टाकले. भाषा परकी हवी, पण अमुक परकी नको, ही तिची अट मला रास्त वाटते.

सध्या काम अडले आहे ते लिपीवर. शेजारचा मुलगा या भाषेचा दुसरा बोलणारा आहे आणि चर्चमध्ये रोमी, म्हणजे रोमन, लिपीत कोंकणी वाचणारा असल्यामुळे त्याला अनुस्वाराचा बिंदू क्षुल्लक वाटतो. त्याच्याकडे शब्दाच्या शेवटी नाकातला सूर दाखवायला म हे पूर्ण अक्षर येते, आणि ते वाचताना भाची प्रामाणिकपणे ओठ मिटते. लिप्यांचे भांडण गोव्याला नवे नाही. दोघांनी तूर्त असा तह केला आहे, की ज्याचा शब्द त्याची लिपी, आणि नाकातला सूर ज्या शब्दाच्या शेवटी येतो असा नवा शब्द आता कोणीच करायचा नाही.